सरासरी अकरा मिनिटं

कंपनीच्या उपाहारगृहात हात धुवायच्या बेसिनच्या वर आपला फोटो लावलाय, हे तोगाशी मिचियोला कुणी सांगितलं नव्हतं. मंगळवारी दुपारी ताटात करीभात आणि त्यावर डुकराच्या मांसाचं कटलेट घेऊन ती खिडकीकडच्या टेबलाकडे निघाली आणि स्वतःच्याच तोंडासमोर येऊन थांबली. फोटो चांगला दोन हात उंच होता. हिरवट गणवेश, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, मांडीवर लॅपटॉप, मागे जाड तारांचं भेंडोळं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्यातलीच एक'. फोटोतली बाई हसत होती. नुसते ओठ ताणून नव्हे. वरच्या हिरड्या दिसेपर्यंत, मनापासून, अडलेलं काम साधल्यावर माणूस हसतं तसं. मिचियोनं आपलं हसू असं बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. आधी तिच्या मनात आलं ते एवढंच, की हिरड्या फार गुलाबी आहेत. मग नजर खाली घसरली. डाव्या मनगटावरचं घड्याळ कॅमेऱ्याकडे तोंड करून होतं आणि काटे स्पष्ट दिसत होते. तीन वाजून पंचवीस मिनिटं.

मागून कर्मचारी विभागाची वाकिसाका आली. तिनं फोटो कसा राखीव दलाच्या मासिकातून मिळवला, छपाईला किती धावपळ झाली ते सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात कंपनीच्या वर्धापनदिनाला मिचियोनं वीस मिनिटं बोलायचं आहे हेही सांगून टाकलं. "फार तांत्रिक नको हं, तोगाशीबाई," ती म्हणाली, "डोळ्यांत पाणी येईल असं काहीतरी असेलच ना? एखाद्या आजोबांचं वगैरे?" मिचियोनं बघते म्हटलं. टेबलावर बसून तिनं कटलेटचा तुकडा तोंडात घातला. वरचं कुरकुरीत आवरण रश्श्यात भिजून लिबलिबीत झालं होतं. तो घास जिभेवर नुसता पडून राहिला, दुसऱ्या कुणाच्या तोंडातून काढून आपल्या तोंडात ठेवल्यासारखा. गिळवेना, आणि चारचौघांत थुंकवेना. शेवटी तिनं कागदी रुमालात तो काढला, घडी घातली, आणि घडीतून तेलाचा डाग वर येताना पाहत बसली.

आठ वर्षांपूर्वी तिनं सैन्याच्या राखीव दलाची तंत्रज्ञांसाठीची परीक्षा दिली तेव्हा ती अडतीस वर्षांची होती आणि नुकतीच एकटी झाली होती. नागोयातली तिची कंपनी हॉटेलांच्या आरक्षणाची यंत्रणा बनवायची. कोणत्या पाहुण्याला आधी खोली मिळावी, कोणाला ताटकळत ठेवलं तरी चालेल, हे ठरवणारे नियम लिहिण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. ती कामात हुशार होती आणि त्या हुशारीचा तिला उबग आला होता. वर्षातून पाच दिवस छावणीत जायचं, बूट स्वतः घासायचे, तबकडीसारखा अँटेना खांद्यावरून वाहायचा, पूर आला किंवा भूकंप झाला तर बोलावणं येताच निघायचं. यात तिला काहीतरी स्वच्छ वाटलं होतं. पहिल्या वर्षी परतताना गाडीच्या काचेत स्वतःला गणवेशात पाहून ती सुखावली होती. आता तो स्वच्छपणा आठवला की तिला साबणाचा तुकडा चघळल्यासारखं व्हायचं. लोकांना मदत करायची म्हणून आपण गेलोच नव्हतो, आपल्याला स्वतःच्या नजरेत बरं दिसायचं होतं, असं तिला वाटे. आणि लगेच हेही वाटे, की असा विचार करणंसुद्धा स्वतःला बरं दाखवणंच आहे. या गोष्टीला तळ नव्हता. जिथे हात घालावा तिथे गाळ लागायचा.

गाळ म्हटलं की कामिओसे. गेल्या सप्टेंबरात वादळापाठोपाठ नदी फुटली, दरीतल्या त्या गावाचे दोन्ही रस्ते खचले आणि टेलिफोनचे मनोरे गेले. मिचियो दुसऱ्या दिवशी पहाटे तुकडीबरोबर हेलिकॉप्टरनं उतरली. तिथला चिखल नुसत्या मातीचा नव्हता. त्यात डिझेल होतं, संडासांच्या टाक्या होत्या, शीतपेट्यांतून वाहून आलेली मासळी होती. दुपारी ऊन पडल्यावर तो वास आंबूस-गोड व्हायचा आणि कपड्यांतून जायचा नाही. नऊ ठिकाणी माणसं आसऱ्याला होती, शाळांत, देवळात, डोंगरावरच्या व्यायामशाळेत. प्रत्येक ठिकाणी एक टॅबलेट दिला होता. तिथून निरोप टाकला की तो आधी रेडिओनं गावच्या कार्यालयात यायचा आणि तिथून गच्चीवरच्या अँटेनातून उपग्रहामार्गे बाहेर, जिल्ह्याच्या वैद्यकीय कक्षाकडे, रसदीकडे. बाहेर जायची वाट ती एकच होती आणि ती अरुंद होती. मिचियो त्या वाटेच्या तोंडाशी बसलेली होती.

दुपारी दीड वाजता जिल्हा कार्यालयातून आलेला उपप्रमुख हातानो तिच्या टेबलाशी आला. बाहेरच्या मुख्यालयाशी चित्रासकट बैठक चालू होती आणि चित्र अडखळत होतं. मोठ्या साहेबांचं तोंड अर्धवट उघडं राहून गोठायचं, हे त्याला फार खटकत होतं. दुसऱ्या दिवशी मंत्री यायचे होते. त्यानं तुकडीप्रमुख सुभेदार नुकादांना सांगितलं, नुकादांनी मान डोलावली आणि मिचियोला सांगितलं, चित्राला आधी वाट द्या. तिनं दिली. चित्र पहिलं, आवाज दुसरा, लेखी निरोप शेवटी. चार ओळींचा नियम होता. तरीही चित्र मधूनच थरथरायचं म्हणून ती दीड-पावणेदोन तास खटपट करत राहिली आणि शेवटी तिला नेमकी खोच सापडली. चित्र पाण्यासारखं वाहू लागलं. पलीकडच्या साहेबांच्या चष्म्यावरचं दिव्याचं प्रतिबिंबही दिसायला लागलं. हातानोनं टाळी वाजवली. माहिती विभागाच्या एका शिपायानं त्याच वेळी फोटो काढला असणार. तिला तो आठवत नव्हता. आठवत होतं ते मागच्या पडद्यावर चाललेलं बोलणं, कारण ते तिच्या कानांवर सारखं पडत होतं. मंत्र्यांचे बूट आधीच चिखलात बुडवून आणावेत की इथे उतरल्यावर आपोआप माखतील, यावर दोन माणसं सविस्तर बोलत होती. कोरे बूट टीव्हीवर वाईट दिसतात, असं एकाचं म्हणणं होतं. माखलेलेच बूट घालून उतरले तर ते कळेल, असं दुसऱ्याचं. मिचियोनं ते ऐकलं, कारण तिनंच ते इतकं स्वच्छ ऐकू येईलसं केलं होतं.

आणि ती अगदीच बेफिकीर नव्हती. हीच गोष्ट तिला सर्वांत जास्त घाण वाटायची. बेफिकीर असती तर एका शब्दात हिशेब मिटला असता. साडेतीनच्या सुमारास तिनं खोळंबलेल्या निरोपांची यादी उघडली होती. त्रेसष्ट निरोप होते. तिनं वरचे आठ-दहा वाचले. पांघरुणं, लहान मुलांचे लंगोट, फोनचे चार्जर, एका मांजराची चौकशी. तिला वाटलं, थांबू शकतील. तिनं यादी बंद केली, हातातला भाताचा मुटका संपवला आणि बोटांना चिकटलेली शितं एकेक करून चाटली. एकोणिसावा निरोप व्यायामशाळेतून आलेला होता. 'कुरामोची तोकुजी, वय अठ्ठ्याहत्तर. प्राणवायूची टाकी दोन तास पुरेल. दुसरी लवकर पाठवा.' तो दोन वाजून दहा मिनिटांनी आला होता आणि बैठक संपल्यावर पाच बावन्नला बाहेर गेला. हेलिकॉप्टर सहा चाळीसला डोंगरावर उतरलं. निरोप बाहेर पडल्यापासून टाकी पोचायला अठ्ठेचाळीस मिनिटं लागली होती. पण कुरामोची पाचच्या आसपास गेले होते. ती हसली त्या वेळी त्यांच्या टाकीत पाऊण तासाचा वायू शिल्लक होता.

हे सगळं तिला कळलं ते नोव्हेंबरात, तेही अहवाल लिहिताना. तज्ज्ञ म्हणून तो तिलाच लिहायला सांगितला होता. पाच दिवसांतले दोन हजार तीनशे निरोप तिनं ओळीनं तपासले आणि त्या एका ओळीवर तिचं बोट थांबलं. तिनं तक्त्यात 'सर्वांत जास्त उशीर' असा एक रकाना केला होता. हातानोनं मसुदा वाचून अगदी सौजन्यानं सुचवलं, की रकाने जरा कमी केले तर वाचणाऱ्याला सोपं जाईल. तो रकाना काढा असं तो म्हणालाही नाही. कोणता काढायचा ते तिनं ठरवलं. रात्रीअपरात्री सेकंदांत सुटलेले शेकडो निरोप धरून उशिराची सरासरी अकरा मिनिटं निघाली. 'संपर्क एकदाही तुटला नाही. निरोपांना लागलेला वेळ सरासरी अकरा मिनिटं.' दोन्ही वाक्यं खरी होती. ती लिहून झाल्यावर तिनं ती मोठ्यानं वाचून पाहिली होती आणि वाक्यांची चाल तिला आवडली होती.

हे तिनं कुणाला सांगितलं नसतं, कदाचित कधीच नाही. माणसाला असलं काही पोटात घेऊन फिरता येतं. पण एप्रिलमध्ये राखीव दलाच्या कार्यालयानं तिला एका पत्राची प्रत पाठवली. कुरामोची नात्सुए नावाच्या बाईनं 'दळणवळण तुकडीतल्या सर्वांना' लिहिलेलं ते पत्र होतं. अक्षर वळणदार होतं. आमचा निरोप तुम्ही लगेच पोचवलात, टॅबलेटवर हिरवी खूण आली तेव्हा आम्हाला हायसं वाटलं, वडिलांपर्यंत मदत पोचायला उशीर झाला तो रस्त्यांमुळे आणि हवेमुळे, त्यात कुणाचा दोष नाही, त्यांना अखेरपर्यंत ठाऊक होतं की आपलं म्हणणं कुणीतरी ऐकलं आहे. त्याबद्दल आभार. मिचियोनं ते पत्र बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलं होतं. महिनाभर ते तिथे होतं. डबा, छत्री, किल्ल्या काढताना बोटं त्याला लागायची आणि ती हात आखडून घ्यायची, ओल्या केसांचा पुंजका हाताला लागावा तसा. आपली निंदा तिनं सहन केली असती. हे आभार मात्र अंगावर कोमट थुंकी ओघळावी तसे ओघळत होते आणि ते पुसायचीही सोय नव्हती.

त्या मंगळवारी दुपारी ती आपल्या कामाच्या टेबलावर परत गेलीच नाही. जिन्यात उभं राहून तिनं नुकादांना फोन लावला. नुकादा सत्तावन्न वर्षांचे, नियमित सैन्यातले, पुढच्या वसंतात निवृत्त होणारे. त्यांनीच तिला सुरुवातीला तारांची गाठ मारायला शिकवलं होतं. त्यांनी सगळं मधे न बोलता ऐकलं. तिला वाटलं होतं की त्यांना ती ओळ माहीत नसेल. त्यांना माहीत होती. त्यांनीही यादी काढून पाहिली होती, डिसेंबरात, एकट्यानं. मग मिचियो म्हणाली की मी त्या बाईकडे जाणार आहे आणि ती ओळ छापून घेऊन जाणार आहे.

"कागद बाहेर नेलात तर दलातली तुमची जागा जाईल," नुकादा म्हणाले. "माझ्यावरही येईल. ते असू दे. पण तोगाशी, हे सांगून भलं कुणाचं होणार, तिचं की तुमचं? ओकून टाकलं की आपल्याला बरं वाटतं. पडतं ते समोरच्याच्या अंगावर."

ते खरं होतं आणि तिनं स्वतःशी तेच हजारदा म्हटलं होतं. तिला फक्त एवढं कळत होतं, की नुकादा हे बरोबर बोलताहेत आणि बरोबर बोलूनच आपण सगळे इथवर आलो. त्यांचा नियमही बरोबर होता, हातानोची सूचनाही, तिची सरासरीही. ती म्हणाली, मी शनिवारी जाते. नुकादा म्हणाले, मग माझं नावही सांगा. आणि त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी ती आधी आगगाडीनं आणि मग बसनं गेली. रस्ता नवा झाला होता, डांबर अजून काळंकुळकुळीत होतं. डोंगराच्या कुशीत सपाट केलेल्या मैदानावर तात्पुरत्या घरांच्या रांगा होत्या, पत्र्याच्या, एकाला एक चिकटलेल्या. मे महिन्याचं ऊन होतं आणि सगळ्यांच्या खिडक्या उघड्या होत्या. कुठे टीव्ही चालू होता, कुणी मासे भाजत होतं, कुणी भांडी घासत होतं. ते सारं एकाच घरात चालल्यासारखं ऐकू येत होतं. नात्सुए पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई होती. फळांच्या सहकारी गोदामातून ती नुकतीच आली होती आणि मनगटांवर रबरी हातमोज्यांचे वळ होते. मिचियोचं कार्ड वाचताच ती दारातच कमरेतून वाकली. मिचियोला तिला धरून सरळ करावंसं वाटलं. आत बसल्यावर नात्सुएनं सातूचा गार चहा आणि काकडीचं लोणचं पुढे ठेवलं, आणि इतक्या लांबून आल्याबद्दल पुन्हा आभार मानायला लागली. मिचियोनं लोणच्याला हात लावला नाही. यांचं काही तोंडात घातलं तर आपलं तोंड कायमचं बंद होईल, अशी तिला भीती वाटली.

तिनं कागद चटईवर ठेवला आणि सांगितलं. वाटेत तिनं वाक्यं जुळवून ठेवली होती. ती तिनं वापरली नाहीत, कारण त्यांना चाल होती. दोन दहाला निरोप आला. पाच बावन्नला गेला. मधे काय चाललं होतं, कुणाच्या सांगण्यावरून, वाट कुणी वळवली, साडेतीनला यादी कुणी उघडली आणि बंद केली. नुकादांचं नाव सांगितलं. बुटांचंही सांगितलं. नात्सुए कागदाकडे पाहत होती. तिचा चेहरा बदलला नाही, फक्त मनगट चोळायचं थांबलं.

"हिरवी खूण आली होती," ती म्हणाली.

"ती गावच्या कार्यालयापर्यंत पोचल्याची खूण होती. पुढचं ती सांगत नव्हती."

"मी बाबांना ती दाखवली. चार-पाचदा तरी. त्यांना दिसेना तर डोळ्यांशी नेऊन दाखवली."

मिचियोनं मान खाली घातली. क्षमा मागण्याचा शब्द तिच्या घशाशी आला होता. पण तो पुढे केला की समोरचीला त्याचं काहीतरी उत्तर द्यावं लागणार, हे तिला दिसत होतं. तिनं तो उच्चारला नाही. बाजूच्या घरात टीव्हीवर कुस्त्यांचं समालोचन चाललं होतं. नात्सुएनं कागदाची घडी घातली आणि तो आपल्या ॲप्रनच्या खिशात टाकला. हा माझ्याकडे राहणार, ती म्हणाली. मिचियो हो म्हणाली.

"आई आत आहे," नात्सुए उठत म्हणाली. "तिला मी नाही सांगणार. मला जमायचं नाही. तुम्ही सांगा. आणि तिला ऐकू येत नाही, मोठ्यानं बोलावं लागेल."

तिनं आतलं सरकतं दार उघडलं. इसे नावाची ती म्हातारी खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. पाहुणी दलातली आहे एवढं लेकीनं हातवाऱ्यांनी सांगताच तिचा चेहरा उजळला आणि तिनं मांडीवरचे वाटाणे बाजूला सारून मिचियोसाठी आपली उशी पुढे केली. मिचियो उशीवर बसली नाही. चटईवर गुडघे टेकून तिनं बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला म्हातारीनं कानामागे हात धरून हसत विचारलं, काय म्हणालात. मिचियोनं आवाज चढवला. म्हातारीनं मान हलवली. तेव्हा छातीत श्वास भरून, छावणीच्या मैदानावर पुकारतात तसं, एकेक शब्द तोडून ती म्हणाली, "तुमच्या यजमानांचा निरोप मी अडवून ठेवला होता. तीन तास बेचाळीस मिनिटं."

शेजारचा टीव्ही बंद झाला. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मिचियोला स्वतःचा आवाज पत्र्यावर आपटून परत येताना ऐकू आला, जाडाभरडा, ओळखू न येणारा. त्याची तिला शरम वाटली नाही. कशासाठी, हे म्हातारीनं विचारलं आणि मिचियोनं तेही तितक्याच मोठ्यानं सांगितलं. चित्र, बैठक, बूट. कुणीतरी खिडकीशी येऊन उभं राहिलं. म्हातारीचं हसू लगेच गेलं नाही. ते विसरल्यासारखं तिच्या तोंडावर थोडा वेळ राहिलं आणि मग हळूहळू उतरलं. तिनं लेकीकडे पाहिलं. नात्सुए दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"हे म्हणत होते," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान होता आणि मिचियोलाच पुढे वाकावं लागलं. "सारखे म्हणत होते, निरोप कुणी वाचलेला नाही. हिनं ती खूण दाखवली तरी म्हणायचे. मी त्यांच्यावर ओरडले. लोक एवढं करताहेत आणि तुम्ही कटकट काय करता, म्हटलं. मग ते बोललेच नाहीत."

मिचियोनं ऐकलं. म्हातारीनं वाटाण्याची एक शेंग उचलली, उघडली नाही, तशीच मुठीत धरली.

"किती वाजता आला होता म्हणालात?"

"दोन वाजून दहा मिनिटांनी."

"ऐकू आलं नाही," म्हातारी म्हणाली. "सगळं परत सांगा. पहिल्यापासून."

मिचियोनं श्वास घेतला आणि खिडकीबाहेरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगायला लागली.